गौरव उदंड, गोठा रिकामा!

श्रावणी अमावास्येचा पोळा आला की शहरातील घराघरांत मातीच्या बैलांची जोडी पाटावर मांडली जाते, तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखविला जातो आणि मुलांना कृषिसंस्कृतीविषयी चार वाक्ये ऐकविली जातात. त्यात वावगे काही नाही. शहरात गोठा नाही, तेव्हा मातीच्या बैलांवरच भागवावयाचे! परंतु आज खेड्यांतील कित्येक घरांतही मातीचीच जोडी पुजली जाते. तेथे दावण आहे, पण दावणीला बैल नाही. हा फरक आपण शहरवासीयांनी समजून घेतला पाहिजे.

2019 च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंशाची संख्या 2012 च्या मानाने सुमारे सहा टक्क्यांनी घटलेली आढळली. त्याच काळात विदेशी आणि संकरित गुरे सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढली. या आकड्यांत जे हरवत आहे, ते केवळ संख्येने मोजण्याजोगे नाही. माणदेशाच्या कोरड्या माळावर मैलोगणती चालणारा खिलार, लातूरकडील देवणी, नांदेडची लाल कंधारी, वर्धेकडील गवळाऊ, या जाती कोणा प्रयोगशाळेत घडलेल्या नाहीत. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात भाताची खाचरे तुडविणाऱ्या डांगी जनावराच्या कातडीला तेलकट अंश असतो, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही. त्याचे खूरही कठीण असतात. हे गुण पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याने पारखून, निवडून जतन केले. ते एकदा गेले तर कोणत्याही अंदाजपत्रकातील तरतुदीने परत मिळावयाचे नाहीत.

मग शेतकऱ्याने ही जनावरे का सोडली? त्याला दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. नांगर ट्रॅक्टरने ओढला, मोट पंपाने उचलली. बैलाचे काम गेले आणि बैलासाठी पाळलेल्या गाईचे प्रयोजनही गेले. दुधाचे पैसे लिटरवर मिळू लागल्यावर दोन-तीन लिटर देणारी खिलार गाय संकरित गाईपुढे टिकणे शक्यच नव्हते. त्या संकरित गाईने अनेक कोरडवाहू कुटुंबांतील मुलांची शिक्षणे केली, हे विसरून चालणार नाही. वारसा जपावा म्हणून गरिबाने तोटा सोसावा, असे सांगण्याचा अधिकार पिशवीतले दूध विकत घेणाऱ्या आम्हांस खचित नाही.

शासनाने या प्रश्नाकडे अगदीच दुर्लक्ष केले आहे, असेही नाही. 2015 मध्ये राज्यात गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. सप्टेंबर 2024 मध्ये देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित करण्यात आले आणि गोशाळांतील प्रत्येक देशी गाईमागे दररोज पन्नास रुपये अनुदान देण्याचा निर्णय झाला. हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. प्रश्न परिणामाचा आहे. गोशाळा हे बहुधा भाकड आणि निराधार जनावरांचे आश्रयस्थान असते. तेथे जनावराचा जीव वाचतो. जात वाचत नाही. जात वाचण्यास निवडक वळू हवा, विणारी गाय हवी, आणि गोऱ्हा असो की कालवड, तिचे वासरू वाढविण्यात ज्याचा लाभ आहे असा मालक हवा. म्हातारा बैल विकता येत नाही आणि पोसताही येत नाही, असा पेच ज्याच्यापुढे पडतो, तो शेतकरी पुढला गोऱ्हा आनंदाने वाढवील, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. दोन डांगी गाई राखणारा अकोल्याचा आदिवासी शेतकरी या पन्नास रुपयांच्या हिशेबात कोठेच बसत नाही. गाय शेतकऱ्याने सोडली की तिला अनुदान. तिला धरून ठेवले तर मात्र काही नाही, असा हा उफराटा न्याय आहे!

1984 मध्ये स्थापन झालेले पशु आनुवंशिक संपदेचे राष्ट्रीय केंद्र कर्नाल येथे कार्यरत आहे. जातींची नोंद आणि गोठविलेले वीर्य यांचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. पण गोठविलेला नमुना हा थांबलेला काळ असतो. नवा दुष्काळ, नवा रोग, नवी उष्णता यांच्याशी झुंजत बदलते ते गोठ्यातले जिवंत जनावरच. म्हणून अनुदान गोशाळेच्या दारापाशी न थांबता शुद्ध जातीची गाय राखून तिचे वासरू वाढविणाऱ्या लहान शेतकऱ्यापर्यंत गेले पाहिजे. वासराची नोंद त्याच्या अंगणात व्हावी, चार गावांमागे एक पारखलेला वळू मिळावा, गायराने अतिक्रमणातून सुटावीत. आणि हा विचार गाईपुरता राहू नये. लोकरीला भाव उरला नाही म्हणून धनगरांच्या कळपांतून ओसरत चाललेली दख्खनी मेंढी, जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी, परसातली गावरान कोंबडी, यांना कोणी मातेचा दर्जा दिलेला नाही. वारसा मात्र त्यांचाही तितकाच मोलाचा आहे.

शहराचाही यात वाटा आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून घेऊन दूध पिण्याची चाल आहे. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस त्या भागात टिकली, त्यात अशा गिऱ्हाइकांचा हात थोडा नाही. तेथे कोणी वारसा जपण्याची शपथ घेतली नव्हती. दूध आवडले आणि त्याचे दाम रोख मोजले, इतकेच. जात टिकते ती अशी, उपयोगात राहून आणि राखणाऱ्याच्या पदरात चार पैसे टाकून.

पुढल्या पोळ्यालाही पाटावर मातीचे बैल येतील. त्यांच्यापुढे हात जोडताना ज्याच्या दावणीला अजून खरी जोडी उभी आहे, त्या शेतकऱ्याचे स्मरण शासनाने आणि आपण ठेवावे. तो थकला, तर पुढच्या पिढीला खिलार म्हणजे काय हे मातीच्या बैलावरूनच सांगावे लागेल.