आमदार बदलला तरी तुमचं काम अडू देऊ नका

संगमनेरात 2024 साली बाळासाहेब थोरात हरले. 1985 पासून सलग आठ वेळा निवडून आलेला, महसूलमंत्री राहिलेला माणूस. शिवसेनेचे अमोल खताळ तिथे पहिल्यांदाच आमदार झाले. थोरातही 1985 साली नवखेच होते, तेही अपक्ष.

एकाच दारात वर्षानुवर्षं गेलेल्या माणसाला अशा निकालानंतर धास्ती वाटते. आता आपलं कोण बघणार? तुमच्या मतदारसंघातही असं झालं असेल, तर आधी मन शांत ठेवा.

सातबारा, उत्पन्नाचा दाखला यांना आमदाराची चिठ्ठी लागत नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अशा सेवांना मुदत घालून दिली आहे. अर्ज द्या, पोच घ्या, ती जपून ठेवा. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करा.

गावातला रस्ता किंवा सभामंडप अर्धवट असेल, तर सरपंचांना घेऊन बांधकाम विभागात जा. प्रशासकीय मान्यता मिळाली का? कार्यारंभ आदेश निघाला का? मंजुरी सरकारची असते, ती जुन्या आमदारासोबत घरी जात नाही. नुसतं तोंडी कबूल झालेलं काम मात्र आता नव्याने, लेखी मागावं लागेल.

नव्या आमदाराला सत्काराच्या गर्दीत अर्ज देऊ नका. हारतुऱ्यांत कागद हरवतो. थोडे दिवस जाऊ द्या. मग चौघे मिळून जा आणि सगळ्या गावाची एकच मागणी मांडा. नवख्याला शिकायला वेळ लागतो, तो द्या. पण अधिवेशनात आपल्या पाण्याबद्दल, दुधाच्या दराबद्दल काय विचारलंत, हेही त्यांना विचारत राहा.

मला खरी काळजी घराघरांतल्या माणसांची आहे. भावकीत एक घर इकडे, एक तिकडे असतं. हरलेल्यांच्या दारासमोर डीजे थांबवू नका. त्यांच्या उंबऱ्यावर गुलाल टाकू नका. उद्या रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला त्यांचीच गाडी लागेल.

आणि तरण्या पोरांना जवळ बसवून सांगा. मिरवणुकीतली मारामारी, व्हॉट्सॲपवरची शिवीगाळ यातून गुन्हा दाखल होतो. पुढे पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा तोच गुन्हा आडवा येतो. खटल्याच्या तारखांना कोर्टात आईबापच जातात. निकालाच्या आदल्या रात्रीच हे बोलून घ्या.