आपल्याला काय, फ्राइज चालतील!

ऑनसाइटला असलेला मराठी इंजिनियर आई-बाबांना फ्लोरिडाचं डिस्नी वर्ल्ड दाखवून आला की सोमवारी लंचला त्याची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "जाम चाललो यार." दुसरं, "आपल्याला तिथं खायला काही मिळत नाही, फ्राइजवर दिवस काढला." पहिलं शंभर टक्के खरं. दुसरं साफ खोटं, आणि आज मला त्याच्याशीच भांडायचंय.

कारण फ्राइजवर दिवस हा पठ्ठ्या काढत नाही. त्याचे आई-बाबा काढतात. हा स्वतः सकाळी हॉटेलात आमलेट हाणून निघालेला असतो आणि पार्कात चिकन बर्गर याला व्यवस्थित चालतो. आईला अंड्याचा वास चालत नाही. बाबांना डायबेटिस, गोळी सकाळीच घेतलेली. त्यात फ्लोरिडाचा जून-जुलै म्हणजे आपल्या मुंबईचा मे महिना, शर्ट पाठीला चिकटलेला. दुपारी दोन वाजता, तिसऱ्या राइडच्या रांगेत, चिरंजीवांना आठवतं आणि ते विचारतात, "बाबा, भूक लागली का?"

समोरच्या बोर्डावरचे डॉलर मनातल्या मनात रुपयांत गुणत उभ्या असलेल्या साठीच्या मराठी बापाला हा प्रश्न विचारायचा? "नाही रे, आम्हाला काय, केळं चालेल." आणि आपण ते खरं मानतो! याच माणसाने आपली इंजिनियरिंगची फी भरताना "मला काय, जुनी स्कूटर चालते" म्हटलं होतं. तेव्हाही ते खरं नव्हतं राव.

याच मुलाने राइड्सची मात्र एक्सेल शीट केलेली असते. कुठली कधी, रांग किती, कुठल्या गेटने आत. त्या शीटमध्ये जेवणाचा कॉलम नसतो. डिस्नी वर्ल्ड म्हणजे काही एसेल वर्ल्ड नव्हे, सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा पसारा आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची अख्खी मुंबई त्यात बसून वर जागा उरेल. त्यात चार मोठी पार्कं आणि डझनावारी हॉटेलं. अशा ठिकाणी "बघू, भूक लागली की शोधू" म्हटलं की जे सगळ्यात जवळ असेल तेच मिळणार. आणि सगळ्यात जवळ फ्राइजच असतात.

आता शोधायचंच असेल तर काय आहे ते ऐका. 2019 साली डिस्नीने जाहीर केलं की इथल्या सगळ्या खाण्याच्या मुख्य ठिकाणी वनस्पतीजन्य पदार्थ ठेवू, आणि मेनूवर त्यांच्यापुढे हिरव्या पानाची खूण असेल. त्यांची व्याख्या आपल्यापेक्षा कडक आहे: मांस नाहीच, पण दूध, अंडं, मधसुद्धा नाही. म्हणजे अमेरिकेत "व्हेजिटेरियन" म्हटलं की अंडं येणारच ही आईची जी धास्ती असते, ती त्या पानापुरती मिटते. चीज-दही चालत असेल तर यादी आणखी वाढते.

अ‍ॅनिमल किंगडममध्ये पँडोरा म्हणून भाग आहे, तिथं सातुली कँटीन. वाडग्यात खाली भात-बीन्स, वर तळलेला टोफू, सॉस आपण निवडायचा. थोडक्यात राजमा-चावलचा लांबचा चुलतभाऊ. मोबाइलवरून आधी ऑर्डर टाकली की काउंटरच्या रांगेत आई-बाबांना उभं करावं लागत नाही.

पण खरी जागा पार्कच्या बाहेर आहे. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलात सना नावाचं रेस्टॉरंट आहे, 2009 पासून. आफ्रिकन स्वयंपाक, भारतीय मसाले. तिथं ब्रेड सर्व्हिस म्हणून एक प्रकार मागवायचा. नान, कुलचा, पराठा आणि सोबत नऊ वाट्या: कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, काकडीचं रायतं, लसणाचं लोणचं वगैरे. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. इथं जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. फक्त बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा करून टाका. तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाच्या ठोक्याला क्लिक करणाऱ्या जमातीला हे अवघड नसावं. (त्याच अ‍ॅनिमल किंगडममध्ये आनंदपूर नावाचं काल्पनिक आशियाई गाव उभारलंय, आणि एपकॉटमध्ये अकरा देशांचे मंडप आहेत, त्यांत भारत नाही. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

मान्य, चव बऱ्याच ठिकाणी सपक असते. मग आईच्या पर्समध्ये चटणीची प्लास्टिकची डबी असू द्या ना! आणि इथं माझं दुसरं भांडण, ठेपल्यांची लाज वाटणाऱ्यांशी. "आई प्लीज, इथं डबा नको काढूस, लोक बघतात." कोण बघतं? अमेरिकन बाई शेजारीच बाकावर बसून पोरांना घरचं सँडविच भरवत असते. बाहेरचं खाणं आत न्यायला डिस्नीची परवानगी आहे. काचेच्या बरण्या नकोत, दारू नको, गरम करावं लागेल असं काही नको. ठेपले, दशम्या, लाडू, सगळं नियमात बसतं. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, नुसता ग्लास मागायचा. तरी महागड्या बाटल्या घेऊन बाबांकडून पुन्हा गुणाकार करून घेणारे महाभाग आहेतच.

माझा साधा नियम आहे. आई-बाबांना "भूक लागली का" विचारायचं नाही. साडेबाराला "चला, जेवायला बसू" म्हणायचं आणि एसीमध्ये तासभर बसायचं. एक राइड गेली तर गेली. दुपारी उन्हात अ‍ॅडव्हेंचरलँडमधलं अननसाचं डोल व्हिप हातात द्यायचं. त्यात दूध नसतं, साखर मात्र असते, तेव्हा बाबांचा चमचा आपण मोजायचा. आणि बिल त्यांना दाखवायचं नाही, ते मोबाइलवर परस्पर भरायचं.

राहता राहिला एपकॉटच्या अकरा देशांत अकरा ड्रिंक्स घेण्याचा तुमचा पराक्रम. जरूर करा, मीही येईन. आई-बाबांना मुंबईच्या विमानात बसवल्यानंतरच्या वीकेंडला.