पश्चिमेची खिडकी

उज्जैनला मावशीने पाचमजली इमारतीत फ्लॅट घेतला. पसंत केला होता डिसेंबरातल्या सकाळी. मे महिन्यात गेलो, तर दुपारी तीननंतर बैठकीत बसवेना. पश्चिमेला भलीमोठी काच, वर छज्जा नाही, बाहेरून झडप नाही! कर्कवृत्तालगतचे हे गाव. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात इथे वेधशाळा बांधली. (बिल्डरने ती पाहिली नसावी.) मावशीच्या सासरच्या जुन्या वाड्यात जाड भिंती होत्या, चौक होता. फ्लॅटमध्ये चौक कोण मागतो? पण सावली? जवळच इंदूरला बाळकृष्ण दोशींनी ‘अरण्य’ वसाहतीत गरिबांच्या घरांनाही ओटा दिला. १९९५ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला. आता स्वखर्चाने छज्जा बसवू म्हटले, तर सोसायटी म्हणते, इमारतीची शोभा जाईल. सध्या काचेवर मावशीचे जुने लुगडे टांगलेले आहे.