गोळी जुळली, असे म्हणणारा कोण?

गावठी कट्टा सापडला, मुद्देमाल सील करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवाना झाला, अशी बातमी आपण नेहमी वाचतो. पुढे 'अहवाल जुळला' म्हटले की गुन्हा शाबीत झालाच, असे सगळे धरून चालतात. ही घाई एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

पिस्तुलाच्या नळीला आतून पीळदार चर असतात. त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत नाकासमोर जाते, आणि जाताना नळीचे ओरखडे अंगावर घेऊन जाते. प्रयोगशाळेत त्याच शस्त्रातून पाण्याच्या टाकीत गोळी झाडतात. ती आणि देहातून काढलेली गोळी दुहेरी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी येतात. मध्ये केसाएवढी रेघ. अलीकडचा ओरखडा पलीकडे तसाच पुढे जातो का, ते पाहायचे. हाडावर आपटून गोळी चपटी झाली असेल, तर निम्मे ओरखडे पुसलेले असतात. कट्ट्याची नळी बहुधा गुळगुळीतच. तिथे पुंगळीच्या बुडावर पिनेने पाडलेला खळगाच काय तो कामाचा. जुळले की नाही, हे शेवटी माणसाचा डोळा ठरवतो.

तो डोळा चुकला तर काय होते? 1915 साली न्यूयॉर्क राज्यात चार्ल्स स्टीलो या शेतमजुराला खुनाबद्दल देहदंड सुनावला गेला. गोळ्या त्याच्याच रिव्हॉल्व्हरच्या, असे एका 'तज्ज्ञा'ने छातीठोकपणे सांगितले होते. फेरतपासणीत मारेकऱ्याच्या गोळ्यांवरील चरांची ठेवणच निराळी निघाली. 1918 मध्ये स्टीलो सुटला.

आपल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 नुसारही तज्ज्ञ देतो ते 'मत'च. तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 मुळे सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात घेता येतो. कामाचा बोजा पाहता किरकोळ प्रकरणांत ते समजण्यासारखे आहे. खुनाच्या खटल्यात मात्र अहवालाला सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे जोडलेली असावीत, पहिल्याचा निष्कर्ष ठाऊक नसलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाने तपासणी करावी, आणि सही करणाऱ्याने पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला उत्तरे द्यावीत. गोळीची उलटतपासणी घेता येत नाही. तिच्या वतीने बोलणाऱ्याची तरी घ्यायलाच हवी.