योगासने जमेला, भाकरी कोणाच्या नावे?

योगासने आणि साधा, सात्त्विक, वनस्पतिजन्य आहार यांची जोडी हल्ली सर्वांच्या तोंडी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा योग दिन म्हणून जगभर पाळला जाऊ लागला. पुढे २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि आमच्या शेतातली ज्वारी रंगीत पाकिटात जाऊन बसली. या दोन्ही गोष्टींबद्दल मला आदर आहे. मी स्वतः गेली तीन वर्षे नेमाने आसने करते. आमच्या घरचे रोजचे जेवण भाकरी, आमटी, उसळ आणि पालेभाजी हेच आहे. तेव्हा हा लेख विरोधकाचा नव्हे, याची वाचकांनी खात्री बाळगावी.

मात्र मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. पहिल्याच वर्षी आम्हाला दुहेरी नोंद शिकवतात. कोणत्याही व्यवहाराला दोन बाजू असतात. एका खात्यावर जमा पडली की दुसऱ्या कोणत्या तरी खात्यावर तेवढीच रक्कम नावे पडते. हा नियम घरातल्या योगसाधनेला लावून पाहिला तर काय दिसते?

आसने रिकाम्या पोटी करायची असतात. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जावे लागतात. म्हणजे नोकरी-शिक्षण असलेल्या माणसाला सोयीची वेळ एकच, पहाटेची. आता स्वयंपाकाकडे पाहा. ज्वारीची भाकरी ताजी चांगली. पीठ गरम पाण्यात मळावे लागते, एकेक भाकरी थापावी लागते, भाजावी लागते. आमच्यासारख्या बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून सकाळच्या बसने कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्यांचे डबे सातच्या आत भरावे लागतात. म्हणजे स्वयंपाकाची वेळही पहाटेचीच. एकाच घरात, एकाच घटकेला, एकजण पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून दीर्घ श्वास घेतो आणि दुसरी आतल्या खोलीत धुरात किंवा गॅसच्या उष्णतेत उभी असते. पहिल्याच्या आरोग्याच्या खात्यावर पाऊण तास जमा होतो. तो कोणाच्या नावे पडतो, हे सांगायला हिशेबतपासनीस नको.

हा माझ्याच घरचा अनुभव असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत दिसून आले की, दिवसभरात घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८१.२ होते आणि पुरुषांचे २६.१. जे ही कामे करतात त्यांतही स्त्रियांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषांची ९७. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या पाच तासांना स्थान नाही, हे आपण अर्थशास्त्राच्या तासाला शिकतोच. घरच्या हिशेबातही ते नसावे, याचे वाईट वाटते.

या संदर्भात आपल्या भागातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार हे कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचे. १९३६ साली आपले गुरू कृष्णम्माचार्य यांच्याबरोबर ते उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर आले होते. तेथे स्त्रियांनी आसने शिकण्याची इच्छा दाखवली, तेव्हा वयाने लहान म्हणून हे काम अय्यंगारांकडे आले. त्या वेळी बेळगावला सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. व्ही. बी. गोखले यांना त्यांचे काम आवडले आणि त्यांच्याच खटपटीने १९३७ मध्ये अय्यंगार पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शिकवायला गेले. पुढे १९७५ मध्ये पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली आणि त्यांचे नाव जगभर झाले. म्हणजे त्यांच्या शिकवण्याची सुरुवात आपल्या मुलखातल्या स्त्रियांपासून झाली. त्याच मुलखात आज आपल्या आयांना अर्धा तास सतरंजीवर बसायला मिळू नये, हे बरे नव्हे.

यावर एक उत्तर ठरलेले असते, आणि ते बहुधा बायकाच देतात. मी आईला आसने कर म्हटले तेव्हा ती म्हणाली, "माझं वाकणं दिवसभर चालूच हाय की गं. आणि येगळी आसनं कशाला पायजेत?" ऐकणाऱ्याला हे पटते. पण थोडा विचार केला तर कळते की, आईचे सगळे वाकणे एकाच दिशेचे आहे. भाकरी थापताना खांदे पुढे येतात, भांगलताना पाठ पुढे वाकते, धुणे धुताना आणि भांडी घासतानाही तेच. पाठीचा कणा मागे नेणारी हालचाल दिवसभरात एकही नाही. भुजंगासन आणि शलभासन हेच तर करतात. दिवसभर उभे राहून भरून आलेल्या पायांना भिंतीला टेकवून वर ठेवले की आराम मिळतो. आणि शवासनात दहा मिनिटे स्वस्थ पडायचे म्हटले तर त्यासाठी कोणी हाक मारणार नाही अशी दहा मिनिटे लागतात. श्रम म्हणजे व्यायाम नव्हे आणि व्यायाम म्हणजे विसावा नव्हे. कष्टकरी माणसाला दोन्हींची गरज बैठे काम करणाऱ्यापेक्षा कमी नाही.

आता आहाराकडे वळू. योगासाठी काही वेगळा, महागडा आहार लागतो असा समज बाजाराने करून दिला आहे. आपले रोजचे ताट पाहिले तर हा समज टिकत नाही. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, हुलग्यात सुमारे २२. धान्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडते, ते कडधान्यात भरपूर. कडधान्यात मेथिओनीन कमी, ते धान्य भरून काढते. भाकरीबरोबर उसळ खावी हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता कळले होते. मटकीला मोड आले की तिच्यात क जीवनसत्त्व वाढते. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींपासून मिळत नाही. दही-ताक सोडून निव्वळ वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून त्याची सोय करावी.

गंमत अशी की, पंधराव्या शतकातील हठयोगप्रदीपिकेत योग्याने वर्ज्य करावयाच्या पदार्थांची यादी आहे, तीत ताक, कुळीथ, तीळ, हिंग आणि लसूण हे सर्व येतात. म्हणजे आमचे हुलग्याचे सार, लसणाची चटणी आणि ताक यादीबाहेर! मग आम्ही योग करूच नये काय? मला वाटते, ती यादी एकांतात लहानशा मठीत राहून हठयोगाची साधना करणाऱ्यासाठी होती. शेतावर राबून येणाऱ्यासाठी नव्हे. परंतु त्याच ग्रंथात मिताहार सांगितला आहे, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून समाधानाने जेवावे असे म्हटले आहे. हे तत्त्व मात्र प्रत्येक ताटाला लागू आहे. यादी काळाबरोबर बदलते, तत्त्व राहते. म्हणून ज्याच्या घरी रविवारी मासळी किंवा मटण शिजते त्याला आसनांचा अधिकार नाही असे कोणी म्हणू नये. डाळ-भाकरी आरोग्यासाठी खावी, शेजाऱ्याला हिणवण्यासाठी नव्हे.

याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारे माझे मित्र भाकरीला रोट्टी म्हणतात, ज्वारीला जोळ म्हणतात आणि हुलग्याला हुरुळी म्हणतात. शब्द वेगळे, ताट एकच. दुर्दैवाने थापणारे हातही दोन्हीकडे एकाच प्रकारचे आहेत. भाषेवरून आपण पुष्कळ वाद घातले. या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचे पुरुष पूर्ण एकमताने वागतात!

मग करायचे काय? पाकिटातले आयते पदार्थ आणणे हा उपाय नव्हे. त्याने पैसे जातात आणि मीठ-साखर वाढते. उपाय वाटणीचा आहे. स्वयंपाकातली पुष्कळ कामे पहाटेवरून हलवता येतात आणि ती कोणालाही करता येतात. कडधान्य रात्री भिजत घालायला पाच मिनिटे पुरतात. शेंगदाणे, जवस आणि कारळे यांच्या चटण्या रविवारी कुटून ठेवल्या तर आठवडाभर टिकतात. पालेभाजी संध्याकाळी निवडून ठेवता येते. आठवड्यातून दोन दिवस भाकरीऐवजी मुगाची खिचडी केली तर कुकर कोणीही लावू शकतो. आमच्या घरी गेल्या दिवाळीपासून असे चालू आहे. वडील भाजी निवडतात. भावाकडे कडधान्य आणि चटण्या आहेत, आणि आता त्याला भाकरीही बऱ्यापैकी गोल जमते. आई सहा वाजता माझ्याशेजारी सतरंजीवर असते. पहिले काही दिवस ती शवासनात सरळ घोरत असे. तिला उठवावेसे कोणालाही वाटले नाही.

काहीजण म्हणतील, योगासारख्या उच्च विषयात हा भांड्याकुंड्यांचा हिशेब कशाला? पण योगाच्या आठ अंगांत आसन तिसरे आहे; पहिले अंग यमाचे, म्हणजे दुसऱ्याशी कसे वागावे याचे. अहिंसा आणि अस्तेय त्यातच येतात. अस्तेय म्हणजे दुसऱ्याचे न घेणे. दुसऱ्याचा पाऊण तास न विचारता घेणे याला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना एक सूचना करून हा लेख संपवते. एका ठिकाणी योग दिनाला मी पाहिले की, तीनशे जणांची आसने झाल्यावर सर्वांना गरम उप्पीट मिळाले. ते करणाऱ्या चार मावशी पहाटे चारपासून उभ्या होत्या, आणि त्यांच्यासाठी मैदानात एकही सतरंजी नव्हती. पुढच्या २१ जूनला आपल्या महाविद्यालयात उप्पीट विद्यार्थ्यांनी करावे. मुलांनी कांदे चिरावेत, मुलींनी रवा भाजावा, किंवा उलट. कँटीनमधल्या मावशींना पहिल्या रांगेत बसवावे. उप्पीट थोडे कमी-जास्त शिजेल, पण त्या दिवसाचा जमाखर्च तरी बरोबर जुळेल.

— बी. कॉम., चौथे सत्र