आजारपणाच्या बिलाबाहेरचा खर्च

अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या निदान केंद्रातून बायॉप्सीचा अहवाल हाती पडतो, तेव्हा घरची माणसे डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो आजार कितपत पसरला आहे, आणि बरा होईल की नाही, असा. दुसरा प्रश्न दालनाबाहेर आल्यावर, जिन्याच्या वळणावर, आवाज खाली आणून विचारला जातो. एकूण खर्च किती येईल? रुग्णाच्या कानावर तो पडू नये याची दक्षता घेतली जाते. वस्तुतः त्याच्या मनात तोच प्रश्न सर्वांच्या आधी येऊन गेलेला असतो. गंभीर आजारात माणूस मृत्यूच्या भीतीशी झगडतो असे आपण मानतो. उपनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात मात्र ही झुंज पुष्कळदा महिन्याच्या हप्त्याशी, मुलाच्या फीशी आणि संपत आलेल्या रजेशी चाललेली असते.

याबाबतीत शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुशक्ती विभागाकडे आले. तेथील सर्वसाधारण विभागात देशभरातून येणाऱ्या असंख्य गरीब रुग्णांवर नाममात्र दरात उपचार होतात. महाराष्ट्र शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे होते. पुढे २०१७ मध्ये या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि २०१८ च्या सप्टेंबरात आलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. दरवर्षी प्रतिकुटुंब दीड लाख रुपयांचे संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा आणि पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही योजनेत घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील वृद्धांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत सामावून घेण्यात आले. २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक आपल्या खिशातून करीत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही प्रगती लहान नव्हे.

मग घराघरातील चिंता का ओसरत नाही? याचे उत्तर असे की, या सर्व योजनांनी रुग्णालयाचे बिल डोळ्यांसमोर ठेवले. आजारपणाचा खर्च त्या बिलापेक्षा पुष्कळ मोठा असतो. योजना लागू होते ती रुग्ण मान्यताप्राप्त रुग्णालयात दाखल होऊन ठराविक उपचाराला पूर्वसंमती मिळाल्यावर. त्याआधीचे महिना-दोन महिने एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाण्यात आणि तपासण्या, स्कॅन, पुन्हा तपासण्या करण्यात जातात. हा पैसा रोख मोजावा लागतो आणि त्या वेळी आजाराचे नावही निश्चित झालेले नसते. उपचार संपल्यानंतरची काही वर्षांची औषधे आणि दर काही महिन्यांनी करावयाच्या तपासण्या यांचीही बरीचशी तीच गत आहे. आजाराच्या दोन्ही टोकांना कुटुंब एकटेच उभे असते.

मधल्या काळातही बिलाबाहेरचा खर्च थांबत नाही. किरणोपचार सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, असे अनेक आठवडे चालतात. केमोथेरपीच्या फेऱ्या पुष्कळ रुग्णांना दर तीन आठवड्यांनी घ्याव्या लागतात. डायलिसिसवरील रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा प्रत्येकी सुमारे चार तास यंत्राला जखडून राहावे लागते. बोरिवलीचा रुग्ण परळला जातो तेव्हा त्याच्याबरोबर बायको, भाऊ किंवा मुलगी जाते. म्हणजे एका फेरीत दोन माणसांची रोजी बुडते. केमो घेतलेल्या माणसाला गर्दीच्या लोकलमधून परत आणता येत नाही, म्हणून टॅक्सी करावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना पूल पाडकामासाठी वाहतुकीला बंद करण्यात आला, तेव्हा पश्चिमेकडून टाटा आणि केईएमकडे येणाऱ्या वाहनांना वळसा पडला. निरोगी माणसाला हा वळसा त्रासाचा वाटतो. रुग्णाच्या घरी त्याची नोंद मीटरच्या आकड्यात होते.

बाहेरगावच्या रुग्णाचे हाल समाजाला निदान दिसतात. त्याच्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, अन्नदान करणाऱ्या संस्था आहेत. उपनगरातील रुग्णाला घर असते. त्यामुळे त्याला मदतीची गरज असेल असे कोणाच्या मनात येत नाही. हा प्रश्न काही थोड्या लोकांचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती आणि शहर जिल्ह्याची सुमारे ३१ लाख. चारातले तीन मुंबईकर उपनगरात राहतात. परंतु केईएम १९२६ चे, टाटा १९४१ चे, आणि ज्या परळमध्ये ती उभी राहिली तेथील गिरण्यांची वस्ती केव्हाच पांगली. माणसे उत्तरेकडे सरकली, मोठे उपचार दक्षिणेकडेच राहिले. राजावाडी आणि कूपर रुग्णालयांवरील ताण सर्वज्ञात आहे. बोरिवलीच्या भगवती रुग्णालयाची पुनर्बांधणी दशकाहून अधिक काळ रेंगाळली. मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयाच्या नव्या इमारतीचीही लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. महापालिकेच्या कागदावर हा बांधकामाचा विलंब असतो. रुग्णाच्या घरात त्याचा अर्थ बुडालेली रोजी असा होतो.

बुडालेल्या रोजीचा विचार आपल्याकडे कोणी केलाच नाही असे नाही. तो १९४८ साली झाला. त्या वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराला उपचार तर दिलेच, शिवाय आजारपणात वेतनाचा काही भाग मिळण्याचा हक्कही दिला. साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, आणि कर्करोग, क्षय यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के, असे या योजनेचे लाभ आहेत. अंधेरी, कांदिवली आणि मुलुंड येथील विमा रुग्णालये याच विचारातून उभी राहिली. उपनगरांत कारखाने होते तोवर या व्यवस्थेला अर्थ होता. पुढे कारखाने गेले आणि त्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि टॉवर आले. वेतनाची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१ हजार रुपयांवर नेण्यात आली. खाजगी कचेरीतील अठ्ठावीस हजारांचा कारकून तिच्याबाहेर राहिला. शिकवणीवर्ग चालविणारा, तासिका तत्त्वावरचा शिक्षक, दुचाकीवरून जेवण पोचविणारा तरुण यांच्यासाठी तर आजारपणाची पगारी रजा ही ऐकीव गोष्ट आहे. अनुदानित शाळेतील शिक्षकाला आणि सरकारी नोकराला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, ती आधी खर्च करून मागाहून. आधी खर्च करायचा तो कोठून, याचे उत्तर नियमात नाही.

ते उत्तर घर आपल्या परीने शोधते आणि त्याचा क्रम सर्वत्र सारखाच असतो. प्रथम मुदतठेव मोडते. मग दागिने गहाण पडतात, पतपेढीचे कर्ज निघते, भविष्यनिर्वाह निधीतून अग्रिम घेतला जातो. म्हणजे म्हातारपणीचा आधार आज खर्ची पडतो. नंतर नातेवाइकांकडे शब्द टाकला जातो. हे सर्व आटल्यावर कोणी तरी म्हणते, रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो म्हणे, तेथे विचारून पाहू. जे पहिल्या दिवशी व्हावयाचे ते शेवटी होते. अठ्ठावीस हजारांच्या कारकुनाचेच पाहा. त्याचे वार्षिक उत्पन्न ३ लाख ३६ हजार होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतून दोन टक्क्यांचा निधी वेगळा काढावा लागतो. उत्पन्नाच्या मर्यादा वेळोवेळी वाढवून १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार अशा करण्यात आल्या. म्हणजे घरात दुसरे उत्पन्न नसेल तर आपला कारकून या सवलतीला पात्र ठरतो. त्याला हे कोणी सांगितलेले नसते. त्याने स्वतःला कधी दुर्बल घटक मानलेलेही नसते.

येथे आपण प्रश्नाच्या अवघड भागाशी येतो. कनिष्ठ मध्यमवर्गाला मागण्याची लाज वाटते. हात पसरणे हा त्याच्या लेखी आजारापेक्षा मोठा अपमान असतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागताना आपण गरीब आहोत हे लिहून द्यावे लागते. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांच्या उपनगर जिल्ह्यात अशा दाखल्यासाठी लागणाऱ्या रांगेत रुग्णाच्या मुलाची आणखी एक रजा जाते. पूर्वसंमती, शिधापत्रिकेवरील नाव, आधारवरील स्पेलिंग, बँकेचे पुस्तक अशा प्रत्येक कागदाला स्वतःचे एक दार आहे. आता समाजमाध्यमांवर रुग्णाचे छायाचित्र टाकून पैसे उभारण्याचीही रीत पडली आहे. त्यातून अनेकांना मदत मिळते हे खरे. पण ज्याचा चेहरा अधिक करुण दिसेल त्याला अधिक पैसे, हा काही न्यायाचा पाया होऊ शकत नाही. ज्याला आपले दुःख मांडता येत नाही त्याचा आजार काही सौम्य नसतो.

यावर आक्षेप येईल की, उपचार फुकट, वर घरखर्चही शासनाने द्यावयाचा, तर पैसा आणायचा कोठून? आक्षेप रास्त आहे. परंतु हे तत्त्व शासनाने एका रोगाबाबत आधीच मान्य केले आहे. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँकेत देण्याची निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली. रक्कम तुटपुंजी आहे; पण गोळ्या फुकट असूनही घरात अन्न नसेल तर उपचार पुरा होत नाही, ही कबुली तिच्यात आहे. कर्करोगाच्या आणि डायलिसिसच्या रुग्णांनाही हेच लागू पडते. उलट, हिशेबच करावयाचा तर अर्धवट सोडलेल्या उपचाराचा करावा. चार केमो शासकीय खर्चाने झाल्या आणि पाचवीला येण्यास रजा आणि टॅक्सीचे भाडे नव्हते म्हणून रुग्ण आला नाही, तर आधीचा बराचसा खर्च वाया जाण्याचा संभव असतो. काही हजारांच्या अभावी काही लाख पाण्यात घालविणे याला काटकसर म्हणता येत नाही.

काय करता येईल हेही फारसे गूढ नाही. ज्या उपचाराला रात्रीचा मुक्काम लागत नाही, तो केमो असो की डायलिसिस, उपनगरांतील पालिका रुग्णालयांत घराजवळ मिळाला पाहिजे. निदानाच्या तपासण्या योजनेच्या कक्षेत आल्या पाहिजेत. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी समाजसेवा अधिकाऱ्याची भेट ही रक्तदाबाच्या नोंदीइतकी नेहमीची बाब झाली पाहिजे, म्हणजे मागण्याची लाजही उरणार नाही. आणि वेतनाच्या संरक्षणाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ॲपवर काम करणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी अंशदान द्यावे अशी तरतूद तीत आहे. त्या पैशातून आजारपणातील बुडालेली रोजी किती भरून निघते, यावर तिची परीक्षा व्हावी.

दरम्यान समाजानेही आपला वाटा उचलायला हवा. शिक्षकांच्या आणि बँक कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्या सभासदांना कर्ज देतात. गंभीर आजारात हप्ते काही महिने पुढे ढकलण्याचा ठराव त्यांना वार्षिक सभेत करता येईल. संघटना वेतनश्रेणीसाठी मोर्चे काढतात. सहकाऱ्याला आपली रजा देता यावी, ही मागणीही त्यांना करता येण्याजोगी आहे. शेजारच्या घरी आजारपण आले की आपण शहाळे घेऊन जातो, धीर धरा म्हणून परत येतो. त्या घराला त्या दिवशी याहून जास्त गरज असते ती दाखल्याच्या रांगेत उभे राहणाऱ्या माणसाची, योजनेचा अर्ज भरून देणाऱ्या लेखणीची, किंवा मंगळवारी परळला बरोबर जाणाऱ्या सोबत्याची. वाचकांतील बहुतेकांचा व्यवसाय कागद वाचण्याचा, लिहिण्याचा आणि समजावून सांगण्याचा आहे. हे कौशल्य त्या घराच्या किती उपयोगी पडेल याची आपल्याला पुरेशी कल्पना नसते.

जिन्याच्या वळणावर खालच्या आवाजात विचारलेला प्रश्न उद्याही विचारला जाईल. तो मोठ्याने, रुग्णासमक्ष, उत्तर मिळण्याच्या खात्रीने विचारता येईल, त्या दिवशी आपली आरोग्ययोजना खऱ्या अर्थाने घरापर्यंत पोचली असे म्हणता येईल.