वाडे कोणीं बांधविले व कोणीं बांधले?

पुणें शहरांत सुट्टीच्या दिवशीं सकाळीं जुने वाडे पायीं हिंडून दाखविण्याची चाल आतां चांगलीच पडली आहे. वीसपंचवीस माणसें शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याशीं जमतात, एक जाणता वाटाड्या पुढें होतो, आणि कसबा, शनिवार, बुधवार, सदाशिव अशा पेठांतून दोनतीन तास फिरून मंडळी घरीं जातात. ही चाल चांगली आहे, हें आम्ही प्रथमच सांगून टाकितों. आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनींही आपल्या मुलांस अशा फेरीस अवश्य न्यावें. मात्र प्रत्येक दारीं तीन प्रश्न विचारावे: हा वाडा कोणाच्या हातांनीं उभा राहिला? पैसा कोणाचा? आणि आंत पाऊल टाकण्याची मुभा कोणास होती?

पहिला प्रश्न घ्या. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला, २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली, बांधविणारे पहिले बाजीराव पेशवे, खर्च १६,११० रुपये, हें सर्व वाटाड्यास मुखोद्गत असतें. बांधविणारे आणि बांधणारे यांत फरक एका अक्षराचा. पण आम्ही पडलों शाळामास्तर, तें एक अक्षर आमच्या डोळ्यांत खुपतें. साग जुन्नरच्या रानांतला, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीकडचा असें सांगतात. तो आपल्या पायांनीं चालत आला काय? असें काम म्हणजे बेलदारानें दगड काढावा, पाथरवटानें घडवावा, लोणाऱ्यानें चुना भाजावा, बैलांनीं तो घाणींत मळावा, कुंभारानें विटा भाजाव्या, सुतारानें खांब कोरावे आणि लोहारानें दरवाज्यास खिळे ठोकावे. १८२८ च्या आगींत आंतील लांकडी दिवाणखाने जळून खाक झाले. आज जें पाहावयास लोक तिकीट काढितात, तो तट, तीं जोतीं, तो अणकुचीदार खिळ्यांचा दरवाजा, तें बहुतेक पाथरवटाचें, गवंड्याचें व लोहाराचेंच काम आहे. धन्याची बैठक गेली, कारागिराचें काम राहिलें.

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आम्ही शाळेचीं मुलें घेऊन अशा एका फेरीस गेलों होतों. एका वाड्यांत खांब व तुळई यांच्या सांध्यावर हात फिरवून एक सुताराचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, इथें खिळा नाहीं, कुसू बसवलाय." वाटाड्या भला गृहस्थ, त्यानें तो शब्द लगेच टिपून घेतला. ज्ञान कोणत्या घरांत आहे, हें त्या दिवशीं सर्वांस दिसलें.

दुसरा प्रश्न पैशाचा. विश्रामबागवाड्याच्या कोरीव सज्जाखालीं उभें राहून सर्वजण वाहवा करितात, आणि काम खरोखरच वाहवा करण्याजोगें आहे. पण तो वाडा दुसऱ्या बाजीरावानें एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बांधविला. त्याच दशकांत, १८०२ सालीं होळकरांची फौज पुण्यावर आली, आणि १८०३-०४ सालीं दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला. महाल मक्त्यानें देण्याची पद्धत त्याच पेशव्याच्या अमलांत बळावली; जो जास्त बोली करी त्यास वसुली मिळे, आणि तो आपली भरपाई कुळांकडून करून घेई. कोणी म्हणेल, बांधकामानें गरिबांस मजुरी मिळाली. मिळाली असेल. पण मजुरी देणाऱ्या हातांत तो रुपया कोठून आला, हें विचारण्यास हरकत कोणती?

तिसरा प्रश्न दाराचा. पेशवाई बुडाल्यावर १८२१ सालीं याच विश्रामबागवाड्यांत दक्षिणेच्या पैशांतून संस्कृत पाठशाळा निघाली. आरंभीं तींत प्रवेश ब्राह्मण मुलांस होता. तेथून थोड्याच अंतरावर, बुधवार पेठेंत, दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे यांचा वाडा होता. १८४८ सालीं तेथें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढिली. वाडा देणारे भिडे ब्राह्मणच होते. तें ऋण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. ती मोडकळलेली इमारत स्मारकासाठीं डिसेंबर २०२३ मध्यें उतरविली गेली. गणपतीच्या दर्शनास रांग लावणाऱ्यांनीं पाठ वळवून समोरच्या त्या जागेकडे पाहावें, व मुलीस सांगावें कीं तुझ्या पाटीपुस्तकाचा रस्ता येथून निघाला.

पाण्याचेंही तसेंच. नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं कात्रजच्या तलावाचें पाणी बंद नळांतून शहरांतल्या हौदांत खेळविलें. काम अप्रतिम, आजही अभ्यासण्यासारखें. पण अस्पृश्य मानलेल्या माणसासाठीं आपल्या घरचा हौद जोतीरावांनीं १८६८ सालीं खुला केला, तेव्हां तें मोठें धाडस ठरलें. गंज पेठेंतील तें घर अजून उभें आहे. कोरीव सज्जा नाहीं, नगारखाना नाहीं. तरी वाड्यांची फेरी तेथें गेल्यावांचून पुरी झाली असें आम्ही मानीत नाहीं. जातां जातां कसब्यांतील तांबट आळींतूनही जावें. तेथें तांब्यावर हातोडा पडतांना अजून ऐकूं येतो.

बंधूंनो, वाडे दरसाल पडत आहेत. त्यांजबरोबर कुसू, तुळई, कडीपाट, घाणीचा चुना हे शब्दही मरत आहेत, आणि ते जाणणारे हात म्हातारे होत आहेत. डागडुजीस पैसा मिळेल, पण हात कोठून आणणार? यासाठीं गांवोगांवच्या शिक्षकांनीं मुलांकडून एवढें करवावें: आपल्या गांवच्या जुन्या वाड्याचें वा गढीचें माप घ्यावें, आळींतल्या म्हाताऱ्या सुतारास व गवंड्यास जवळ बसवून एकेका भागाचें नांव लिहून घ्यावें, आणि वहीच्या पहिल्या पानावर मालकाच्या नांवाशेजारीं त्या सांगणाऱ्या कारागिराचेंही नांव घालावें.